उभी राहणार की धावणार

वेंडेल : हे बघा मॅडम, मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच, पण सोफा, पडदे, ओव्हन, हे सगळं नंतर. आधी मला एकच सांगा. ही गाडी उभी राहणार की धावणार?

व्हर्जिल : धावणार. डिझेल दाखवा.

अर्लीन : मी पेट्रोल म्हणाले होते, व्हर्जिल.

व्हर्जिल : ऐकलं मी.

अर्लीन : पिकअपमधून उतरायच्या आधी म्हणाले. जेवताना म्हणाले. काल फोनवर म्हणाले.

व्हर्जिल : आणि तिन्ही वेळा मी ऐकलं. तुम्ही डिझेल दाखवा हो.

वेंडेल : किती वर्षं झाली तुमच्या लग्नाला?

अर्लीन : हा माझा नवरा नाही. नवऱ्याचा धाकटा भाऊ.

वेंडेल : माफ करा हां. भांडणाच्या सुरावरून वाटलं.

अर्लीन : नवऱ्याशी भांडायला नवरा घरात असावा लागतो. माझा चाळीस वर्षं लाकूड वाहणाऱ्या ट्रकवर होता.

वेंडेल : मग त्यांनाच आणायचं होतंत. ट्रकवाल्यापुढे आम्ही विक्रेते गप्प बसतो. त्यांना सगळं माहीत असतं.

व्हर्जिल : तो नाहीये आता.

वेंडेल : अरेरे.

अर्लीन : आम्ही कोल्टर रिजचे, वर डोंगरातले.

वेंडेल : म्हणजे गेल्या सप्टेंबरातल्या...

अर्लीन : हो. त्याच आगीत.

वेंडेल : मला फार वाईट वाटतंय, मॅडम. आणि मी मघापासून मूर्खासारखा दात काढतोय.

अर्लीन : काढा हो. अकरा महिन्यांत माझ्यासमोर कुणी नीट हसलेलंसुद्धा नाही. माझ्याशी बोलताना लोक आवाज असा खाली आणतात, जशी काही मी शेजारच्या खोलीत झोपलेय.

वेंडेल : रिजवरच्या बऱ्याच लोकांनी यंदा गाड्या नेल्या माझ्याकडून. सुट्टीला जाणारं त्यात एकही नव्हतं. आत्ता कुठे राहता?

अर्लीन : हायवेवरच्या मोटेलात, चौदा नंबरची खोली. सरकारने दिलीय, महिनाअखेरपर्यंत. खालच्या गालिच्याला कुणाच्या तरी कुत्र्याचा वास येतो. आधी नाक दाबायचे. आता वाटतं, निदान कुत्रा तरी होता इथे.

व्हर्जिल : ती माझ्याकडे येतेय. नेवाडात, विनेमकाला. अंगणात जागा केलीय तिच्यासाठी. जूनमध्ये काँक्रीट ओतलं, पाण्याची लाइन काढली, विजेचं खोकं बसवलं. गाडी मागे घेतली आणि वायर खोचली की झालं.

वेंडेल : म्हणजे डॉनरचा घाट चढून जावं लागणार.

व्हर्जिल : म्हणूनच म्हणतोय ना डिझेल! पेट्रोलवाली त्या घाटात बोकडासारखी ओरडत चढेल. तीस वर्षं सोन्याच्या खाणीतल्या डंपरांची इंजिनं खोललीत मी. तुमचं विकायचं असेल ते विका, पण मला इंजिन शिकवू नका.

वेंडेल : नाही शिकवत, साहेब. पण घाट एकदाच चढायचा. पुढे काय?

व्हर्जिल : पुढे हिंडायचं. हिवाळ्यात खाली ॲरिझोनाला, वाळवंटात. माझ्या भावाला, हॉलिसला, न्यायचंच होतं हिला तिकडे.

अर्लीन : न्यायचं होतं. दर ऑक्टोबरात न्यायचं होतं. नकाशा काढायचा, टेबलावर पसरायचा, त्यावर कॉफीचा मग ठेवायचा. मग कुणाचा तरी ट्रक बंद पडायचा आणि हॉलिस निघायचा पाने-पकडी घेऊन.

वेंडेल : म्हणजे तुमच्याकडे मोटरहोम होती?

अर्लीन : होती.

वेंडेल : कुठली? पेट्रोल की डिझेल?

व्हर्जिल : ही पांढरी उघडता का जरा? आतून बघू दे तिला.

वेंडेल : उघडतो ना. पायरी जपून, मॅडम, उन्हाने तापलीय. हां. ही डिझेल. दहा वर्षांची आहे, पण एका म्हाताऱ्या जोडप्याने लेकरासारखी सांभाळलीय. इंजिन मागे, पलंगाच्या खाली. त्यामुळे चालवताना पुढे आवाज म्हणून नाही. गप्पा मारत जा. पेट्रोलवालीत इंजिन तुमच्या गुडघ्यापाशी. चढावर नवराबायकोला एकमेकांचं ऐकू येत नाही. काही लोक त्यासाठीच घेतात.

व्हर्जिल : बघ अर्लीन. ब्रेक बघ, हवेचे आहेत. हे इंजिन तीन लाख मैल जाईल. तू आणि मी दोघंही मरू, पण हे चालत राहील.

अर्लीन : तीन लाख मैल कुठे जाऊ मी?

व्हर्जिल : बोलायची रीत असते ती.

अर्लीन : नाही, खरंच विचारतेय. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं माझं. घर ते शाळा चार मैल. माझे सगळे मिळून किती मैल झाले असतील, व्हर्जिल?

वेंडेल : मागचा पलंग बघा, मॅडम. हे झाकण उचललं की खाली इंजिन. इथूनच सगळी दुरुस्ती... काय झालं? बसता का? मॅडम?

अर्लीन : वास.

वेंडेल : डिझेलचा. थोडा येतोच बंद गाडीत. खिडकी उघडतो.

अर्लीन : नको. मला खाली उतरू द्या.

व्हर्जिल : हात दे. दे इकडे. सकाळपासून खाल्लं नाहीस काही, अर्धं सँडविच तसंच ठेवलंस. त्यात हे ऊन. रेड ब्लफमध्ये ऑगस्टात माणसाने बाहेर पडूच नये.

अर्लीन : खाल्ल्याचं काही नाही. सोड हात. वेंडेल, तुम्ही मला सरळ सांगा. मघाशी विचारलंत ना, उभी राहणार की धावणार? समजा उभी राहिली. मग?

वेंडेल : मग पेट्रोल. डोळे झाकून.

व्हर्जिल : का? काय म्हणून?

वेंडेल : साहेब, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. डिझेलला रिकामं बसणं सोसत नाही. पेट्रोलही शिळं होतं, नाही असं नाही. पण ते कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक काढून देईल. डिझेलची गाडी चारपाच वर्षं नुसती उभी ठेवली की टाकीत पाणी धरतं, शेवाळासारखं काळं चढतं, फिल्टर तुंबतो. आणि मग एक दिवस गरज पडली म्हणून किल्ली फिरवावी...

व्हर्जिल : बरं, बरं. कळलं.

अर्लीन : बोलू दे त्यांना. किल्ली फिरवली तर?

वेंडेल : तर होत नाही सुरू. फिल्टर बदलला तरी लाइनमध्ये हवा शिरते. हाताने पंप मारून ती बाहेर काढावी लागते. माहीतगाराला अर्धा तास पुरतो.

अर्लीन : आणि ज्याला माहीत नाही त्याला?

वेंडेल : तो फोन लावतो कुणालातरी. फोनवरून विचारत विचारत करतो.

व्हर्जिल : तुम्हाला तोंड बंद ठेवता येत नाही का हो? गाडी विकायचीय की काय करायचंय?

अर्लीन : व्हर्जिल!

व्हर्जिल : नवा फिल्टर होता त्याचा! फिल्टरची काही चूक नव्हती.

वेंडेल : मी... मी पाणी आणतो थंड. दोघांना. त्या ताडपत्रीखाली बाक आहे, बसा तुम्ही.

(वेंडेल ऑफिसकडे जातो. अर्लीन आणि व्हर्जिल बाकावर बसतात.)

अर्लीन : काय म्हणालास तू?

व्हर्जिल : काही नाही. डोकं फिरलं उन्हाने.

अर्लीन : नवा फिल्टर होता, म्हणालास. हॉलिसच्या गाडीला सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

व्हर्जिल : मग आधीचा असेल. त्याने सांगितलं असेल कधीतरी.

अर्लीन : कधी?

व्हर्जिल : नाही आठवत.

अर्लीन : व्हर्जिल, माझ्याकडे बघ. तू खोटं बोलायला लागलास की कान चोळतोस. लग्नात मी पहिल्यांदा पाहिलं तुला, तेव्हाही चोळत होतास. तो फिल्टर कधी बदलला?

व्हर्जिल : त्या दिवशी.

अर्लीन : कुठल्या?

व्हर्जिल : त्याच दिवशी, अर्लीन. मी सांगत होतो, तो बदलत होता.

अर्लीन : तू कुठून सांगत होतास?

व्हर्जिल : फोनवरून. त्याने फोन केला मला. गाडीच्या शेडमधल्या भिंतीवरच्या फोनवरून. म्हणाला, "व्हर्ज, ट्रकला करतो ते सगळं करून झालं, तरी हे धूड सुरू होत नाही, काय करू?" मी घरी होतो. अंडी तळत होतो. मी गॅस बंद केला आणि सांगायला लागलो.

अर्लीन : किती वाजता?

व्हर्जिल : सव्वाअकराला आला फोन. बावीस मिनिटं बोललो. माझ्या मोबाइलात अजून आहे ते. पुसलं नाही मी.

अर्लीन : बावीस.

व्हर्जिल : मला माहीत नव्हतं आग कुठवर आलीय. शप्पथ सांगतो. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, "अजून ओढ्यापलीकडे आहे, वेळ आहे, तू सांग." मी म्हटलं, अर्लीन कुठेय? म्हणाला, पुढे गेली. मी म्हटलं, ठीक. मग मी सांगत गेलो. जुना फिल्टर काढ. नवा कपाटात असेल. असं कर, तसं कर. तो फोन तसाच लोंबकळत सोडून जायचा, करून यायचा, परत उचलायचा. दम लागलेला असायचा त्याला. मी म्हणायचो, आता पंप मार. तो जायचा.

अर्लीन : तू होतास तर.

व्हर्जिल : काय?

अर्लीन : मी खाली चर्चच्या आवारात उभी होते. सगळी रिज तिथे जमली होती, गाड्या, घोडे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. तास उलटला तरी हा येईना. मग मी पाद्र्याच्या ऑफिसात गेले आणि शेडमधला नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. माझ्यामागे फोनसाठी रांग लागली होती. मी कुणाला हात लावू दिला नाही. एका बाईने माझा दंड धरून ओढलं तर मी तिला ढकललं. बारा वेळा फिरवला, व्हर्जिल. बाराही वेळा एंगेज.

व्हर्जिल : देवा.

अर्लीन : मला वाटलं, बंबवाल्यांशी बोलतोय. ते त्याला सांगत असतील कुठून यायचं, कुठला रस्ता उघडा आहे. मला बरं वाटलं चक्क. मी रांगेतल्या बाईला म्हणालेसुद्धा, तो त्यांच्याशी बोलतोय, येईल आता.

व्हर्जिल : तू काय सांगणार होतीस त्याला?

अर्लीन : सोड ती गाडी आणि पळ. दुसरं काय सांगणार? चालत ये म्हणणार होते. ओढ्याच्या बाजूने उतरून अर्धा मैल. बारा वेळा तेवढंच ओठांवर घेऊन उभी होते.

व्हर्जिल : मी नाही म्हणालो तसं. बावीस मिनिटांत मी एकदाही म्हणालो नाही, की सोड. मला वाटलंच नाही. इंजिन सुरू होत नव्हतं आणि मला ते सुरू करायचं होतं. एवढंच होतं डोक्यात. तीस वर्षं हेच केलं मी. कुठलंच इंजिन मला हरवून गेलं नाही.

अर्लीन : मग?

व्हर्जिल : मग काय?

अर्लीन : मग काय झालं, ते सांग. सगळं सांग. आता अर्धं नको.

व्हर्जिल : मग ती लागली.

अर्लीन : काय?

व्हर्जिल : सुरू झाली, अर्लीन. लोंबकळणाऱ्या फोनमधून मी ऐकली. चार, पाच सेकंद. खोकली, धरली आणि परत बंद पडली. तो पळत आला फोनकडे. "ऐकलंस? ऐकलंस का, व्हर्ज?" एवढा खूश होता! पोरासारखा. मागे वाऱ्याचा आवाज येत होता फार. मालगाडी जावी तसा. मला वाटलं, वारा आहे.

अर्लीन : आणि तू काय म्हणालास?

व्हर्जिल : नको विचारू.

अर्लीन : काय म्हणालास?

व्हर्जिल : मी म्हणालो, "थोडी हवा राहिलीय. परत मार."

अर्लीन : हं.

व्हर्जिल : "परत मार," म्हणालो. तो गेला. मी फोन कानाला लावून थांबलो. मग लाइन गेली. मला वाटलं, नुसती लाइन गेली. मी परत जाऊन अंडी तळली, अर्लीन. खाल्ली मी ती.

अर्लीन : मला कधी सांगितलं नाहीस.

व्हर्जिल : सांगणार होतो. पुरायच्या दिवशी सांगणार होतो. पण तू म्हणालीस, तो घरापाशी सापडला. पाण्याच्या पाइपजवळ. छप्पर भिजवत होता म्हणालीस. सगळ्यांना तेच सांगितलंस. मी विचार केला, म्हणजे माझा फोन कटल्यावर त्याने गाडी सोडली. घराकडे गेला. म्हणजे मी अडकवला नाही त्याला, तो त्याच्या हट्टाने थांबला. हॉलिस होताच तसा हट्टी. रोज रात्री मी तेवढंच म्हणतो, पाइपजवळ सापडला, पाइपजवळ सापडला, आणि झोप लागते मला.

अर्लीन : व्हर्जिल.

व्हर्जिल : काय?

अर्लीन : तो पाइपजवळ नव्हता.

व्हर्जिल : नको.

अर्लीन : शेडमध्ये होता. गाडीच्या मागे, इंजिनाच्या झाकणाखाली. बंबावरच्या माणसाने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. पाना शेजारीच होता म्हणाला.

व्हर्जिल : का गं? का खोटं सांगितलंस मग? माझ्यासाठी? तुला माहीत होतं?

अर्लीन : मला काही माहीत नव्हतं. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी.

व्हर्जिल : म्हणजे?

अर्लीन : पोलिसांची गाडी आली भोंगा वाजवत, दहाच्या सुमारास. निघा, लगेच निघा. हॉलिस म्हणाला, तुझ्या गाडीतून दोघं जाऊ. दार उघडून बसलासुद्धा होता शेजारी. पट्टा लावला होता त्याने, व्हर्जिल. आणि मी म्हणाले, ते धूड काय जळायला ठेवणार आहेस? घर गेलं तर झोपायचं कुठे?

व्हर्जिल : ते कुणीही म्हणालं असतं.

अर्लीन : तो म्हणाला, सुरू होईल असं वाटत नाही. मी म्हणाले, सहा वर्षं शेडमध्ये उभी केलीस, कधी कुठे नेलं नाहीस मला. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक सुरू करत फिरलास, आज स्वतःची एक गाडी सुरू होत नाही तुझ्याच्याने? असं म्हणाले. रागाने पण नाही. हिणवून. तुला माहितीय मी कशी बोलते.

व्हर्जिल : माहितीय.

अर्लीन : त्याने पट्टा काढला. काही बोलला नाही. दार जोरात आपटलं पण नाही. मला म्हणाला, तू हो पुढे. मी आरशात बघितलं, शेडचं दार ओढत होता. तेवढाच दिसला.

व्हर्जिल : म्हणून तो सोडत नव्हता.

अर्लीन : हो.

व्हर्जिल : मी एकदा म्हणालो होतो त्याला. खोटं बोललो मघाशी, आता आठवलं. मी म्हणालो होतो, हॉलिस, राहू दे हवं तर. तो म्हणाला, नाही, ही आज लागलीच पाहिजे. मला वाटलं, त्याला गाडीचं पडलंय.

अर्लीन : गाडीचं कुठे. माझं तोंड बंद करायचं होतं त्याला.

व्हर्जिल : असं नको बोलूस.

अर्लीन : मग कसं बोलू? तू सांग, कसं बोलू? मी पाठवलं आणि तू थांबवून ठेवलंस. दोघांनी मिळून. एकट्या माणसाला जमलं नसतं.

व्हर्जिल : अर्लीन, मला श्वास घेता येत नाहीये.

अर्लीन : डोकं खाली घे. गुडघ्यांत. हां. तसाच राहा.

वेंडेल : पाणी आणलंय. मी... उशिरा येऊ का?

अर्लीन : या. त्याच्या मानेवर ठेवा ती बाटली. पिऊ दे नंतर.

वेंडेल : साहेब? डॉक्टरला बोलवू?

व्हर्जिल : नको. झालं. बरं वाटतंय.

अर्लीन : वेंडेल, पेट्रोलवाली कुठली ती दाखवा मला. लांब नको, छोटी चालेल.

वेंडेल : ती तपकिरी पट्ट्याची. चोवीस फुटी. पलंग, चूल, फ्रिज, संडास, सगळं आहे. साधी गाडी आहे, मॅडम. घाटात ओरडेल, साहेब म्हणतात तशी. पण जाईल चढून.

अर्लीन : घाट चढायचा नाही.

व्हर्जिल : काय म्हणतेस?

अर्लीन : मी विनेमकाला येत नाही, व्हर्जिल.

व्हर्जिल : काँक्रीट ओतलंय मी.

अर्लीन : माहितीय.

व्हर्जिल : अगं, पाण्याची लाइन गोठू नये म्हणून चार फूट खाली नेलीय. हाताने खणलं. महिनाभर.

अर्लीन : माहितीय रे. पण रोज सकाळी मी दार उघडणार आणि समोर तू. तू खिडकीतून बघणार आणि समोर मी. काल जमलं असतं. तासाभरापूर्वीसुद्धा जमलं असतं. आता नाही जमायचं.

व्हर्जिल : माझ्याशी बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस हवं तर. नुसती ये.

अर्लीन : तू मला माफ करशील?

व्हर्जिल : मी... हो. म्हणजे... मला...

अर्लीन : बघ. मलाही नाही म्हणता येत. म्हणून बघितलं मी आत्ता मनातल्या मनात. शब्दच पुढे येत नाही.

व्हर्जिल : येईल हळूहळू.

अर्लीन : येईलही. आल्यावर बघू. मी सदुसष्ट वर्षांची आहे, फार वाट बघायची तयारी नाही माझी.

वेंडेल : मॅडम, मध्ये बोलतोय, पण मग गाडी नेणार कुठे? महिनाअखेरीला खोली जाणार म्हणालात.

अर्लीन : रिजवर. आमच्या जागेवर. राडारोडा उचलून नेलाय सरकारने. विहीर आहे, तिच्यावर पंप बसवून घेईन. वीज येते म्हणतात ऑक्टोबरपर्यंत.

व्हर्जिल : तिथे काय आहे? एक झाड नाही उभं. चोवीस फुटांची गाडी लावायला सपाट जागा तरी कुठे आहे त्या उतारावर?

अर्लीन : एक आहे.

व्हर्जिल : कुठली?

अर्लीन : शेडची फरशी. ती तशीच आहे.

व्हर्जिल : नाही. अर्लीन, नाही. तिथे नाही.

अर्लीन : दुसरी सपाट जागा नाही, तूच म्हणालास. आणि माझी तीच जागा आहे, व्हर्जिल. मी विचारच करत नव्हते इतके दिवस की मी कुठली. आता कळलं.

व्हर्जिल : वेड लागेल तुला.

अर्लीन : लागलं तर शेजारीपाजारी कुणी नाही. कुणाला त्रास नाही.

वेंडेल : मला यातलं काही कळत नाही, मॅडम, आणि विचारतही नाही. पण एक सांगतो. उभी ठेवा खुशाल, पण महिन्यातून एकदा सुरू करत जा. वीस मिनिटं. कुठे न्यायची गरज नाही. नुसती सुरू करून बसा आत.

अर्लीन : बसेन. वेळच वेळ आहे.

वेंडेल : चालवता येईल ना? मोठी गाडी कधी चालवलीय?

अर्लीन : शाळेची बस चालवलीय. ड्रायव्हर दारू पिऊन यायचा तेव्हा.

व्हर्जिल : मी चालवतो. रिजपर्यंत मी नेऊन देतो, मग माझा मी...

अर्लीन : नको. तू पिकअप घेऊन मागून ये. पुलाच्या फाट्यापर्यंत. तिथे तुझा रस्ता फुटतो.

व्हर्जिल : आणि फाट्यावर?

अर्लीन : फाट्यावर मी थांबणार नाही. तूही थांबू नकोस.

व्हर्जिल : हात तरी करशील?

अर्लीन : आरशात बघवत नाही मला आता. केलास तरी दिसणार नाही. तू कर वाटलं तर.

वेंडेल : या मॅडम, वर या. सीट पुढे घेऊन देतो. पाय पोचतात? हा गियर, हा दिवा, हा आरसा. आरसा हवा तसा फिरवा. साहेब, तुम्ही येताय का आत?

व्हर्जिल : मी इथेच बरा आहे. इंजिनापासून लांब.

वेंडेल : किल्ली इथे. पाय ब्रेकवर. हां. फिरवा.

अर्लीन : धरलीय किल्ली.

वेंडेल : फिरवा, मॅडम. उजवीकडे.

अर्लीन : माहितीय उजवीकडे. हात वळत नाहीये.

वेंडेल : वेळ घ्या. गिऱ्हाईक नाही दुसरं. जेवणही झालंय माझं.

अर्लीन : नाही झाली सुरू तर?

वेंडेल : तर घेऊ नका. मी दुसरी दाखवेन.

अर्लीन : व्हर्जिल, तू कान झाकून घे.

व्हर्जिल : नको. फिरव तू. ऐकतो मी.

वेंडेल : शाबास! लागली बघा. ऐकताय? कशी गुरगुरतेय मांजरीसारखी. मॅडम? सोडा आता किल्ली, ती सुरू झालीय. बोटं सोडा.

अर्लीन : एवढंच?

वेंडेल : एवढंच, मॅडम.